ताडपत्रीखालचे पावणेदोन तास

दारव्हा,
शुक्रवार, दुपार

प्रिय लखीराम,

आधी तुझा जय सेवालाल, मग माझा नमस्कार. हा नमस्कार उभ्याने केलेला आहे. पत्रही खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. बसायची सोय सध्या नाही, का नाही ते पुढे येईलच. तुझा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? नांदेडचं पाणी मानवतंय ना? मोतीबिंदू काढल्यावर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही, असं इथल्या प्रत्येक माणसाने मला सांगितलंय, म्हणजे नांदेडला तुला चौपट सांगितलं असणार. (राखी बेटा, पत्र तूच वाचून दाखवणार. मधेमधे बाबाच्या चेहऱ्याकडे बघत जा. फार हसायला लागला तर थांब. दुसरं काही व्हायला लागलं तरी थांब.)

मागच्या रविवारी तुझ्या वावरात जे झालं ते राजकुमारने फोनवर तुझ्या कानावर घातलं असेलच. तुझा भाऊ खोटं बोलायचा नाही. पण तो तेव्हा दोनशे पावलांवर होता आणि मी आत होतो, म्हणून आतली हकीकत मीच लिहितो.

तर दसऱ्यानंतर साकेत, शाल्मली आणि गौरी पुण्याहून पाच दिवसांसाठी आले. पाच दिवस, लखू! गेल्या दोन वर्षांत हा मुलगा सलग दोन दिवसांच्या वर राहिलेला नाही. त्यात दिवस कसे, तर पाऊस परतीला लागलेला, आभाळ धुतल्यासारखं, सकाळी अंगणात पारिजातकाचा सडा, दुपारी ऊन चटकतं पण संध्याकाळी गार झुळूक, बाजारात सीताफळांच्या टोपल्या. अशा दिवसांचा एक कणही वाया जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस ठरवतो म्हणजे काय करतो? तक्ता करतो. सहा वाजता अंगणात सर्वांनी चहा, साडेसहाला फुलं वेचणे, सात वाजता आजोबांकडून गौरीस जुन्या गोष्टी, असा तो तक्ता मी फ्रिजवर लावला. (रत्नप्रभाने तो वाचला आणि खाली 'आठ वाजता भांडी कोण?' असं लिहिलं.) पहिल्या दिवशी सहा वाजता अंगणात मी आणि शेजारचं मांजर, एवढीच उपस्थिती होती.

तेही चाललं असतं. पण साकेतचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. फोन वाजला की उठायचा, गच्चीवर जायचा, अर्ध्या तासाने खाली येऊन "काही नाही, ऑफिस" म्हणायचा. शाल्मली त्याच्याकडे बघायची, तो खाली बघायचा. जेवताना दोनदा "बाबा, एक बोलायचं होतं" म्हणाला आणि दोनदा "भाजी छान झालीय" यावर थांबला. भाजी दोन्ही वेळा कारल्याची होती, आणि कारलं हा मुलगा जन्मात खात नाही. नोकरी गेली? तब्येतीचं काही? दोघांचं पटत नाही? रत्नप्रभा म्हणाली, "विचारा ना." मी म्हटलं, "तो सांगेल." असे तीन दिवस आम्ही एकमेकांभोवती फिरत राहिलो.

शेवटचा उपाय म्हणून मी तुझ्या वावराचा बेत काढला. साध्या जागी माणूस मोकळं बोलतो, असा माझा अनुभव. रविवारी सकाळी लालसिंगच्या भाड्याच्या जीपमधून निघालो, दहाला पोचलो. तू नसलास तरी तुझ्या कारभारणीने, सुखीवहिनींनी, धुऱ्याच्या बांधावरच्या झाडांची सीताफळं टोपलीभर काढून ठेवली होती, सोयाबीन झाकायची मोठी निळी ताडपत्री आंब्याखाली अंथरली होती, ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणि पाण्याचं पातेलं ठेवलं होतं. एवढं करून त्या सोयाबीन गोळा करायला पलीकडच्या वावरात राजकुमारकडे गेल्या. गौरी सीताफळाच्या बिया गालात साठवून एकेक थुंकत होती, रत्नप्रभा गुणगुणत होती. मी काटक्या जमवून शेंगा भाजायला जाळ केला. वारा उलटा फिरला आणि सगळा धूर वर आंब्यात गेला.

आंब्याच्या वरच्या फांदीला आग्या मोहोळ होतं.

लखू, तो आवाज मी विसरणार नाही. आधी वाटलं दूर कुठे ट्रॅक्टर सुरू झाला. मग फांदीवरचा तो काळा पाट हलला, सुटला, आणि ट्रॅक्टर डोक्यावर आला. गौरी तेव्हा आमच्यात नव्हती. ती चाळीस पावलांवर, विहिरीच्या काठाजवळच्या सीताफळाखाली आणखी एक फळ शोधत होती.

आता कोण कुठे पळालं ते खरं लिहितो. मी पळालो पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे, तिला बाहेरून कुलूप आहे हे मला ठाऊक असताना. तिथे मला मागच्या बाजूने जे मिळायचं ते मिळालं. रत्नप्रभा जागच्या जागी पदरात तोंड लपवून बसली. आणि शाल्मली, जी पालीला बघून खुर्चीवर चढते, जिच्याबद्दल मी तुला मागे "पोरगी चांगली पण नाजूक" असं म्हणालो होतो, ती सरळ विहिरीकडे पळाली. ओढणी गौरीच्या तोंडावर टाकली, तिला पोटाशी धरली आणि तशीच वाकून परत आली. तिच्या पाठीवर नऊ काटे निघाले, गौरीच्या अंगावर एक. साकेतने ताडपत्री ओढली, तिघींवर घातली आणि मला कॉलर धरून आत घेतलं. (मुलाने माझी कॉलर धरली हे पहिल्यांदाच. बरं वाटलं.) ताडपत्रीच्या कडा आम्ही गुडघ्यांखाली आणि हातांखाली दाबल्या. पलीकडच्या वावरातून सुखीवहिनींचा आवाज आला, "हालू नका! जमिनीले चिकटून राहा!"

आणि मग आम्ही हललो नाही. वेळ सव्वाअकरा.

आत निळा अंधार, वाफ, घामाचा आणि सीताफळांचा वास. वर माश्या ताडपत्रीवर आपटत होत्या, जाड पावसाचे थेंब पडावे तशा. दोन आत शिरल्या, त्या साकेतने माझ्या चपलेने मारल्या. रत्नप्रभाचा वरचा ओठ सुजत चालला होता आणि श्वास जोरात चालला होता. मी तिचा हात धरला. नाडी मोजायचं नाटक केलं, मला नाडी बघता येत नाही. पण ती एकटक माझ्याकडे बघत होती, म्हणून "ठीक आहे" म्हटलं. तिच्या मावशीला गांधीलमाशीने असंच झालं होतं आणि ती वाचली नव्हती, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

साकेतने कुजबुजत राजकुमारला फोन लावला. राजकुमार म्हणाला, "घाबरू नका भाऊ. ओलं कुटार पेटवून धूर करत येऊन राह्यलो. पण मधात लय माश्या हायेत, वखत लागन." साकेत म्हणाला, आईला श्वास लागलाय, काहीतरी करा. पलीकडून सुखीवहिनी म्हणाल्या, "तिले बोलती ठेवा. झोपू देऊ नका."

दहा मिनिटांनी फोन वाजला. त्या अंधारात ती घंटा केवढी झाली म्हणून सांगू! वरच्या माश्या आवाजाच्या जागी गोळा झाल्या, ताडपत्री तिथे जड होऊन खाली आली. राजकुमारच असणार म्हणून साकेतने न बघता घाईने अंगठा दाबला, तो दाबला गेला स्पीकरवर. एक गोड बाई म्हणाली, "साकेत सर, बधाई हो. जर्मनी के लिए आप तीनों का वीज़ा हो गया है."

साकेतने फोन बंद केला. एरवी गच्ची होती. इथे गच्ची नव्हती.

रत्नप्रभा सुजल्या ओठाने म्हणाली, "कधी?"

"नोव्हेंबरात," साकेत म्हणाला. "तीन वर्षांसाठी. आई, मी सांगणार होतो."

गौरी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबा, मला माहीत होतं. पण सांगायचं नव्हतं." सहा वर्षांची पोर, चार दिवस माझ्याकडून रोज गोष्टी ऐकते आणि एवढं मोठं गुपित गालातल्या बियांसारखं धरून बसते.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मनाविरुद्ध काही घडलं की मी भांडत नाही. चपला घालतो, बसस्टँडपर्यंत जातो, रसवंतीवर उभा राहतो आणि राग उतरला की परत येतो. घरी आल्यावर त्या विषयावर कोणी बोलत नाही. इथे एक चप्पल बाहेर राहिलेली आणि दुसरीखाली दोन माश्या मेलेल्या. मी उठायला म्हणून खांदा उचललासुद्धा, तर ताडपत्रीवर माश्यांनी अशी गुरगुर केली की परत आडवा झालो. दात आवळून म्हटलं, "मला सांगायला तुला भीती वाटते? मी कधी तुझ्यावर ओरडलोय?"

"ओरडला असतात तर सोपं होतं बाबा," साकेत म्हणाला. अगदी हळू, माश्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "तुम्ही निघून जाता. बारावीनंतर मी पुण्याला जातो म्हटलं तेव्हा गेलात. लग्नाचं सांगितलं तेव्हा गेलात. मी दारात बसून वाट बघायचो. मग तुम्ही येऊन विचारायचात, जेवलास का."

त्याचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलेलं होतं. मी म्हटलं, "तिकडे थंडी किती असते?" तो म्हणाला, "फार." मग शाल्मलीने सांगायला सुरुवात केली, पाठीवर नऊ काटे घेऊन. तिलाही तिथे काम मिळतंय, गौरीची शाळा घरापासून चालत आहे, खिडकीतून झाडं दिसतात. रत्नप्रभाला बोलती ठेवायची होती म्हणून आम्ही तिला विचारत राहिलो आणि ती एकेक विचारत राहिली. तिथे तुरीची डाळ मिळते का, भांडी कोण घासतं, गौरी मराठी विसरेल का. मग तिने साकेतच्या लहानपणाचं सांगितलं, जे मलाही ठाऊक नव्हतं. मी बसस्टँडला गेलो की तो खिडकीत उभा राहून येणाऱ्या माणसांच्या चपला मोजायचा. मधेच गौरीला शू लागली. तो प्रश्न पाण्याचं पातेलं रिकामं करून सोडवला. (ते सुखीवहिनींचं होतं. घासून दिलंय. तीनदा.)

खरं सांगू? अंग आग होत होतं, बायकोचा श्वास मी मोजत होतो, मुलगा लांब चालला होता. आणि तरी माझ्या मनात आलं, आपण पाचही जण एका जागी इतका वेळ कधी होतो? आठवेना.

एक वाजता धुराचा वास आला. घोंगडी पांघरलेले राजकुमार आणि सुखीवहिनी, दोघांच्या हातात धुमसणाऱ्या कुटाराचं, ओल्या भुशाचं, घमेलं. वहिनींनी कड उचलून आधी रत्नप्रभाला बाहेर घेतलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "श्वास हाय. चला, जीप उभी हाय." धुराच्या आडून आम्ही जीपपर्यंत पोचलो. दवाखान्यात इंजेक्शनं झाली. रत्नप्रभाला संध्याकाळपर्यंत ठेवलं. डॉक्टर बाहेर येऊन "आता धोका नाही" म्हणाले, तेव्हा साकेत भिंतीला टेकून खाली बसला. मी तिथेच उभा राहिलो. कुठे गेलो नाही. (बसलो नाही, याचं कारण वेगळं.)

सोमवारचा अख्खा दिवस आम्ही अंगणात काढला. सगळ्यांची तोंडं भोपळ्यासारखी. सकाळी रत्नप्रभा गौरीला घेऊन बाजारात जाऊन आली, बाकी कोणी हललं नाही. तक्ता मी काढून टाकला. चहा दहाला झाला, जेवण तीनला. लालसिंगने तुझ्याकडची उरलेली सीताफळं आणून दिली, ती बोटं बरबटवत खाल्ली. ऊन पारिजातकावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं. संध्याकाळी मी साकेतला स्पष्ट सांगितलं, तुम्ही जा, सुखाने जा, पण माझ्याकडून यायची अपेक्षा ठेवू नका. मी दारव्ह्याचा माणूस, मला ते बर्फ नको आणि विमान तर नकोच. त्याने ऐकून घेतलं आणि एक सीताफळ फोडून अर्धं माझ्या हातात दिलं. मंगळवारी सकाळी ते गेले. मी बसस्टँडवर पोचवायला गेलो आणि गाडी सुटल्यावर लगेच घरी आलो.

डोळ्याला जप. राखीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे कापसाची बोंडं फुटायला लागलीत, तू येईपर्यंत वावर पांढरं झालेलं असेल.

तुझा,
नीळकंठ

ता. क. — वारा उलटा फिरला असं मी वर लिहिलंय. वारा नव्हताच. सुखीवहिनींनी जाताना बजावलं होतं, "भाऊजी, त्या आंब्याखाली जाळ करू नका, वर मोहोळ हाय." मी म्हटलं, वहिनी, माझं अर्धं आयुष्य या झाडाखाली गेलंय. त्यांनी आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. साकेतला तर अजिबात नाही. त्यांच्यापुढे मान वर करायची लाज वाटते, तेव्हा तू माझ्या वतीने चार शब्द बोल.

ता. क. दुसरा — पत्राचं खरं कारण आता लिहितो. पासपोर्टच्या अर्जात ओळखीच्या दोन माणसांची नावं लागतात. एक तुझं देणार आहे. पोलिसांचा फोन आला तर सांग की पन्नास वर्षांची ओळख आहे, माणूस शांत आहे, कुठे पळून जाणारा नाही. राखीला विचार, नांदेडला लोकरीच्या बंड्या बऱ्या मिळतात का. माप चाळीस. रत्नप्रभाला यातलं काही कळू देऊ नकोस, ती सारखी म्हणते, जायचं तर त्यांनी जावं, आपलं काय आहे तिकडे.

ता. क. तिसरा — पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात संघदीपकडे जाऊन आलो. तो चौकात ऑनलाइन अर्ज भरून देतो. माझा अर्ज भरता भरता म्हणाला, "काका, काकू तर सोमवारीच भरून गेल्या. नात होती सोबत." सोमवारी, लखू! सुजलेल्या ओठांनी! तेव्हा पोलिसांनी माझ्याबद्दल विचारलं तर थोडं बरं बोल. तिच्याबद्दल विचारलं तर खरं तेच सांग, बाई आतल्या गाठीची आहे, पण सोबत न्यावी अशी आहे.