सासूबाईंच्या पेल्यातले शिंपले

मंगळवार संध्याकाळ, अकोला

सासूबाईंच्या मांडीचं हाड अजून जुळत नाही. म्हणून मी अमरावतीहून ती भुकटी आणली, शिंपल्यांच्या मांसातून काढलेली. तिच्यातल्या पेप्टाइडांनी हाडं भरतात म्हणे. "माणसांवर अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही," दुकानदारानं स्वतःच सांगितलं. तरी घेतली. हाडासाठीच घेतली का मी?

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. माझ्या माहेरी मासे खातात म्हणून लग्नापासून माझा कप वेगळा, मोरीजवळच्या खुंटीला. आणि या भुकटीत काय आहे ते मी त्यांना सांगितलेलंच नाही. रोज दुधात ढवळून देते, त्यांच्याच चांदीच्या पेल्यात.

आज त्यांनी पेला माझ्याकडे परत सरकवला. "पोरी, पेला धरवत नाही वं. तुया कपात दे, त्याले कान हाये."

माझ्या कपात! इतक्या वर्षांनी! क्षणभर माझा हात खुंटीकडे गेलाही.

"नाही आई, तो बाटलेला हाये. तुमच्या माळेले चालन काय?"

त्यांनी मान खाली घातली. दोन्ही हातांनी पेला धरून शेवटच्या थेंबापर्यंत शिंपले प्यायल्या. मी पदरानं त्यांचे ओठ पुसले.

पायावर उभ्या राहिल्या की सांगीन.