आपल्यातला रक्तदाता

८ जानेवारी २००७, सोमवार

साईटवरचा शोध चालत नाही. म्हणजे चालतो, पण खोटं बोलतो.

'पाबळ' टाकलं की पाबळचे रक्तदाते यायला हवेत. येतात पाबळचे, शिरूरचे, दौंडचे, जो कोणी मोकळा असेल तो. आनंदराव सरांना दाखवलं. कॉम्प्युटर क्लासच्या फिया मोजता मोजता म्हणाले, "नावं येत्यात ना दीक्षा? मग झालं."

झालं कसलं? ही रक्ताची साईट आहे, लग्नाच्या आमंत्रणाची नाही.

पण उद्घाटन होऊन गेलंय ना. साईट युवा मंचाची, मंचाच्या सोपानरावांनी फीत कापली, पेपरात फोटो आला. साईट उघडली की आधी त्यांचाच हसरा फोटो उघडतो, अर्धं पान भरून. क्लासमधल्या ज्या पोराने ती केली तो पुण्याला नोकरी लागून गेला. त्याची घाण आता मी काढायची.

९ जानेवारी

सापडलं.

शब्द टाकला की तो सगळ्या रकान्यांत एकदम शोधला जातो. नाव, गाव, रक्तगट आणि वयसुद्धा. वय हा आकड्यांचा रकाना. त्याला 'पाबळ' विचारलं की डेटाबेस आधी 'पाबळ'चा आकडा करायला बघतो. होत नाही, म्हणून शून्य धरतो. आणि ज्यांनी वय लिहिलेलंच नाही त्यांचंही वय आत शून्य पडलंय. झाली जुळणी! कुठलंही गाव टाका, बिनवयाचे सगळे हात वर करून उभे.

अक्षरं अक्षरांत शोधायची, आकडे आकड्यांत. एवढी साधी गोष्ट. त्याला जमली नाही, आणि तो पुण्यात, मी इथे एसटी स्टँडसमोरच्या माडीवर.

११ जानेवारी, गुरुवार

आज एक माणूस जिना चढून आला. तळेगाव ढमढेऱ्याचा, नवनाथ नाव. दाढी वाढलेली, हातात हॉस्पिटलची पिशवी. आल्या आल्या विचारलं, "साईट कुणाची हाय?"

सर म्हणाले, "आमचीच. बसा."

बसला नाही. बायको बाळंतपणात अडली होती, ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. कुणीतरी साईटचं सांगितलं म्हणून सायबर कॅफेत गेला. माणसं सापडली. पण सगळ्यांचा फोन नंबर एकच. "म्या म्हणलं एकाच घरातली असत्याल. लावला तर लागंना. ताई, तिकडं बाई मरायला टेकली आन् मी हितं एकच नंबर फिरवतोय."

रक्त शेवटी पुण्याहून आणलं. बायको वाचली. मूल गेलं.

सर त्याला चहा घ्या म्हणत होते. त्याने सरांकडे बघितलंसुद्धा नाही, जिना उतरून गेला.

एवढा राग मला कधी आला नव्हता. 

१२ जानेवारी

फोनसाठीही आकड्यांचा रकाना! आणि त्यात मावतो दोनशे चौदा कोटींपर्यंतचाच आकडा. मोबाईल नंबर त्याहून मोठा. मग डेटाबेस काय करतो, जेवढं मावेल तेवढं ठेवतो. प्रत्येकाच्या नावापुढे तोच सगळ्यात मोठा आकडा. तक्रार नाही, सूचना नाही. मुकाट.

फोन नंबर म्हणजे आकडा नव्हेच. कुणी दोन फोन नंबरांची बेरीज करतं का?

मूळ नंबर गेले ते गेले. रक्तदान शिबिरातले कागदी फॉर्म माळ्यावर पोत्यात आहेत. रकाना अक्षरांचा केला. आता सगळे नंबर पुन्हा टाईप करायचे. सर म्हणतात, "क्लासचं बघून कर."

१६ जानेवारी, मंगळवार

बोटं दुखतायत. नंबर संपले.

रक्तगटाची तर तऱ्हाच. कुणी 'ओ निगेटिव्ह' मराठीत, कुणी इंग्रजीत, कुणी नुसतं O आणि आडवी रेघ, आणि किती जणांनी ओ ऐवजी शून्य दाबलंय. शोधणाऱ्याने काय टाकायचं? सगळे गट एका साच्यात बसवले. आता काहीही टाका, बरोबर माणूस येतो. दहादा तपासलं. येतो.

तळेगावातून नंबर मिळवून नवनाथरावांना फोन करून सांगितलं. का केला माहीत नाही, त्यांचं गेलेलं काही परत येणार नव्हतं. ते म्हणाले, "बरं केलं ताई. दुसऱ्या कुणाला तरी उपेग व्हईल."

लोक नक्की काय शोधतात ते कळावं म्हणून टाकलेला प्रत्येक शब्द साठवून ठेवायची सोय केली. जिथे काहीच सापडणार नाही, ते शब्द बघून दुरुस्त करत जाईन.

१९ जानेवारी, शुक्रवार

साठलेले शब्द बघितले. बहुतेक नीट. 'बी पॉझिटिव्ह शिरूर', 'पाबळ', एकाने 'नोकरी'.

आणि हे. इंग्रजी अक्षरांत, काल दुपारी. 'ए निगेटिव्ह आपल्यातला'. सापडलं काही नाही. मग 'दौंड आपल्यातला'. मग नुसतं 'आपल्यातला'.

आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोकं तापलं.

रक्त हवंय, माणूस मरायला टेकलाय, आणि ह्यांना आपल्यातला पाहिजे. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं तर बाटतील. आणि हे दौंडात. माझ्या गावात. ज्या गावच्या शाळेत मास्तर माझ्या आडनावावरून जात ओळखून मग नाव विसरायचे, त्या गावात. बाटली वेगळी मागा म्हणावं आता, वर चिठ्ठी लावून देते!

२० जानेवारी

चूक झाली. सरांना सांगितलं. वाटलं, त्यांनाही किळस येईल.

सरांनी सोपानरावांना सांगितलं. दुपारी सोपानराव गाडीतून उतरून थेट वर आले. माझ्याच खुर्चीत बसले. "मागणी हाय ना लोकांची? मग टाका की जातीचा रकाना. सोय व्हतीय."

मी म्हटलं, "साहेब, रक्ताला जात नसते."

"ते मलाबी म्हाईत हाय, पोरी. भाषणात मी बी तेच म्हनतो. पन लोकं फोनवर आडूनपाडून इचारतातच. त्यापरीस लिहिल्यालं बरं."

सर मान हलवत होते. मला म्हणाले, "सोमवारी टाकून दे."

२२ जानेवारी, सोमवार

नाही टाकला.

म्हटलं क्लासच्या परीक्षा आहेत. सर गेल्यावर नवनाथरावांचा फोन. ओळखीत कुणाला बी पॉझिटिव्ह लागत होतं, साईटवरून मिळालं, ते सांगायला. मला राहवलं नाही. विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी आपल्यातलाच पाहिजे होता का?"

म्हणाले, "ताई, मला कुणाचंबी चाललं असतं. फोन लागाया पायजे व्हता."

२३ जानेवारी

ठरलं. जातीचा रकाना तर नाहीच. उलट आडनावच काढलं.

शोधात आता फक्त नाव, गाव, रक्तगट, फोन. घ्या, ओळखा कोण आपल्यातला! ज्याला रक्त हवं तो फोन लावेल. ज्याला आडनाव हवं त्याने उपाशी बसावं.

इतके दिवस लोकांच्या चुका निस्तरतेय. आज पहिल्यांदा माझ्या मनाने काही केलं. बरं वाटलं.

२५ जानेवारी, गुरुवार

सोपानरावांचा फोन. "माझं आडनाव कुठं गेलं?" पहिल्या रक्तदात्याच्या जागी नुसतं 'सोपानराव' दिसतंय म्हणे. तालुक्यात छप्पन सोपानराव आहेत म्हणे.

सर चिडले. कधी नव्हे ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. "मंचाची साईट हाय दीक्षा, तुझी न्हाई. सोमवारी आडनावं दिसली पायजेत आन् जातीचा रकाना बी. नायतर दुसरीकडं बघ."

म्हटलं, बघते.

घरी कळवलं नाही. उद्या सुट्टी, परवा पगाराचा दिवस. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने दौंड. आप्पांना समोर बसून सांगेन. आयुष्यभर रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकले त्यांनी, एकदाही कुणापुढे वाकले नाहीत. त्यांना अभिमानच वाटेल.

२७ जानेवारी, शनिवार. दौंड

घरी आले तर ताईबाई आत्या पलंगावर, पोटाला पट्टी. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. मला कुणी कळवलंच नाही. आई म्हणाली, "तू कामात हायस म्हनून आप्पा नको म्हनले." सगळ्यांवर चिडले. आत्या झोपेतून उठून हसली. अंगात रक्तच नव्हतं म्हणे, एक बाटली भरावी लागली.

आप्पा ड्यूटीवर. उद्या सकाळी येतील.

२८ जानेवारी, रविवार

आप्पा आले. चहा घेताना सगळं सांगितलं. तो शब्द, सोपानराव, आडनावं काढली ते. आप्पा कप खाली ठेवून ऐकत राहिले.

मग म्हणाले, "त्यो शब्द मीच टाकाया लावला कॅफेवाल्याला. ताईबाईसाठी. काय आलं न्हाई. मग नुसतं दौंड टाकलं आन् आडनावं वाचत बसलो. सोनकांबळे म्हनून एक ए निगेटिव्हवाला दिसला, त्याला फोन लावला. लगीच आला बिचारा."

मी म्हटलं, "पण आप्पा, आपल्यातलाच कशाला?"

"दुसऱ्याला लावला आन् त्यानं आधी आडनाव इचारलं तर? बहीन आत पडल्याली. त्या टायमाला मला त्ये ऐकून घ्यायचं नव्हतं."

आप्पांनी गार झालेला चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, "आता आडनाव काढलंस व्हय? मग आमी फोन कुणाला लावायचा?"