गोटीची ताकद कुठे गेली

आई, आज सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांनी एक यंत्र चालवून दाखवलं आणि तेव्हापासून तूच डोळ्यांसमोर आहेस. इथे दूर उत्तरेत, झिरकपूरच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून मी रविवारी सात-आठ मुलं जमवते. वरून सोडलेली गोटी पुठ्ठ्याच्या पन्हळीतून घरंगळत येऊन उभ्या पुस्तकांची रांग पाडते, शेवटचं पुस्तक खेळण्यातल्या गाडीला ढकलतं आणि गाडी टेबलाच्या कडेवरचा पेला खालच्या परातीत पाडते. ठणकन आवाज होतो, बस. एकाची ताकद दुसऱ्याला कशी मिळते हे मुलांना स्वतः करून कळावं, एवढाच हेतू.

सांगलीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी नऊ वर्षांची आहे. ओट्यावर पुठ्ठ्याची पन्हळ आणि आगपेट्यांची रांग. शेवटची आगपेटी खाली पडली की तिला बांधलेला दोरा ओढला जाऊन देवघरातली छोटी घंटा वाजणार. पण गोटी मध्येच थांबते. तू पाठमोरी कणीक मळते आहेस, म्हणून मी हळूच बोटाने आगपेटी ढकलते. घंटा वाजते, मी टाळ्या पिटते. तू वळूनही बघत नाहीस. "ही घंटा तू वाजवलीस, गोटीने नाही. परत लाव." मला रडू फुटलं. मग तू पिठाच्या हातांनीच खाली वाकलीस, मला पन्हळीला कान लावायला सांगितलंस. "खडखड ऐकतेस ना? गोटीची थोडी ताकद या आवाजात जाते, थोडी घासण्यात. संपत नाही गं, वाट बदलते." जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद आपण पन्हळीत चिकटवला आणि मग घंटा आपली आपण वाजली.

आज पाच वेळा गोटी अडली. पालक खुर्च्यांवर चुळबुळ करायला लागले. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आंटी, एनर्जी खत्म हो गई क्या?" "माझी आई असंच शिकवायची," म्हणत मी सगळ्यांना पन्हळीला कान लावायला सांगितलं. तुझ्या नातीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. तीच आधी ओरडली, "मम्मा, ये जोड़ पे खड़खड़ कर रही है!" त्यांनी जोडांवर टेप लावली, वरचं टोक आणखी एका पुस्तकाने उचललं. पेला परातीत पडला तेव्हा मुलं अशी नाचली की काय सांगू!

तेवढ्यात शेजारचे फौजी साहेब जवळ आले. "मैडम, बहुत बढ़िया! आपकी मदर टीचर थीं क्या?" मी म्हटलं, "हां जी, साइन्स की." शाळेच्या प्रयोगशाळेत तू परिचर होतीस, चंचुपात्रं धुवायचीस आणि मुलं गेल्यावर प्रयोग स्वतः करून बघायचीस, हे सांगायला असा किती वेळ लागला असता? तरी तोंडून निघालं नाही. घरी आल्यावर लेकीने डोळे मोठे करून विचारलं, "आजी सच में टीचर थीं?" तिलाही मी हो म्हटलं. आता तुला कधीच पाठवता न येणारा हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून कपाटाच्या अगदी वरच्या खणात, साड्यांच्या खाली ठेवते आहे.