प्रश्न नानाला विचारला होता

प्रिय नाना,

अकरा मार्च, सकाळी साडेदहा. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, "आठवडाभर रोजची कामं केलीत ना?" तू तोंड उघडलंस आणि मी मध्येच म्हणाले, "हो, सगळी." तुझी धाकटी बहीण, जन्माची आगाऊ!

आज लिहितेय, कारण तुला लावली होती तसलीच ठोके नोंदवणारी पट्टी सोमवारी माझ्या छातीवर लागणार आहे. तू गेल्यापासून माझेही ठोके चुकायला लागलेत. काल नर्सने बजावलं, "मॅडम, आराम करायचा नाही. नेहमीसारखं वागलात तरच दुखणं सापडेल." हेच तेव्हाही सांगितलं होतं. मी ऐकलं कुठे?

आठवतं, पट्टी लावल्यावर तू हात वर-खाली करून पाहिलेस? रबरासारखी मऊ, आत केसाएवढ्या नागमोडी तारा. "मालू, हाई ते मनी चामडीना मायक ताणास!" कातडीसारखी ताणली जाते म्हणून केवढा हसलास! वाकलास, गोणी उचललीस, घामाने भिजलास तरी ती निघणार नव्हती. काम केलं की तुझी छाती आवळायची, म्हणून तर लावली होती ना? आणि मी तुला पिंपळनेरला, शेतावर जाऊच दिलं नाही. सात दिवस माझ्या घरी कूलरसमोर बसवलं. तू गुपचूप पाण्याची बादली उचललीस, तर ओरडले, "नाना, ठेव खाली! रिपोर्ट बिघडेल."

रिपोर्ट बिघडेल! तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही शिक्षिका शाळेच्या भिंती रंगवायचो. तुझं काळीजही मी तसंच रंगवून पाठवलं.

रिपोर्ट छानच आला. "देख, बठ्ठं बराबर शे," म्हणत तू गावी गेलास. बाराव्या दिवशी कांद्याची गोणी खांद्यावर घेतलीस आणि बांधावरच बसलास. वहिनी सांगते, पुन्हा उठलाच नाहीस.

खरं कळलं असतं, तर डॉक्टरांनी पट्टी परत लावली असती. तुझ्या शेतात, तुझ्या कामात.

कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यावं. या नियमापायी मी तीस वर्षं पोरींना बाकावर उभं केलं. आणि तू? एवढा मोठा भाऊ, एकदा तरी म्हणायचंस, "मालू, तू चूप बस!"

सोमवारी आधी डॉक्टरांना सांगेन की त्या दिवशी मी खोटं बोलले. मग तिन्ही जिने चढेन, दळणाचा डबा उचलेन, भाजीवाल्याशी भांडेनसुद्धा. शब्द देते.

पण तू तोंड उघडलं होतंस, नाना. काय सांगणार होतास? सोमवारी सकाळी नऊच्या आत मला लेखी कळव.

तुझी,
मालू