ठाणे जिल्ह्यात तालुके किती

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटे.
बरोबर या वेळेला, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, प्रश्नमंजुषेत, साठ माणसांसमोर माझं बरोबर उत्तर चूक ठरवण्यात आलं. घड्याळ मी स्वतः पाहिलं.
प्रश्न होता, ठाणे जिल्ह्यात तालुके किती? मी चमच्याने स्टीलची वाटी वाजवली. याला इथे बझर म्हणतात. सांगितलं, पंधरा. प्रश्न विचारणारी ए विंगची रसिका च्युइंगम चघळत म्हणाली, "सॉरी आंटी, सात."
आंटी! एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. उभी राहून पंधराच्या पंधरा तालुके एका दमात म्हणून दाखवले. मोखाड्यापाशी आले तेव्हा सी विंगचा सर्वेश टाळ्या वाजवू लागला. कौतुकाने नव्हे.
दहा गुण कमी पडले आणि आमची जोडी तिसरी आली. पहिल्या दोन जोड्या, त्यात तो सर्वेश आणि त्याची बायको, बावीस तारखेला डोंबिवलीच्या सोसायटीशी खेळायला जाणार. आम्ही घरी बसणार. हॉलभर पावभाजीचा आणि मोज्यांचा वास. शिसारी आली.

९ नोव्हेंबर, रविवार.
शांतपणे विचार केला. पालघर जिल्हा वेगळा झाला, हे मला ठाऊक नाही असं नाही. पण तो २०१४ साली झाला. मी निवृत्त झाले २०११ साली. माझ्यामागे कोणी काय तोडफोड केली, त्याला मी जबाबदार नाही. तेरा तालुके होते तेव्हा मी तेरा शिकवले, पंधरा झाले तेव्हा पंधरा. बदलाला माझा विरोध कधीच नव्हता.
जोडीदार म्हणून समोरच्या फ्लॅटमधली मालन. मूळची इथल्या बाळकुम गावचीच, या टॉवरखालची जमीन तिच्या सासऱ्यांची. आठ बरोबर उत्तरांपैकी पाच तिची, पण ती फुटकळ. खाडीतले मासे, जुनी गाणी, मुख्यमंत्र्यांचा क्रम. भारदस्त तिन्ही माझी.
वाटी वाजवण्याआधी तिने माझा पदर ओढला होता हे खरं. "टीचर, सात. पालघर वेगला झाला ना!" असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "मालन, गप्प बस."

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
कमिटीला ईमेल. दोन पानं, अकरा मुद्दे. भाषा संयत. 'उथळ' फक्त चारदा. सातवा मुद्दा: "सहखेळाडूच्या अज्ञानमूलक कुजबुजीमुळे माझी एकाग्रता भंग पावली." वाक्य जमलंय. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेटनी पाठ थोपटली असती. मालनला यातलं काही कळायचं कारण नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
सेक्रेटरी हरिहर यांनी माझा ईमेल जसाच्या तसा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'पारदर्शकता' म्हणे. खाली रसिकाने सरकारी वेबसाइटचा फोटो लावला आणि तीन हसरे चेहरे. सरकारला कधीपासून भूगोल कळायला लागला?
संकल्प: तो ग्रुप पुन्हा उघडायचा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
उघडला. एकोणीस वेळा. मालनने सातवा मुद्दा वाचलाय. खाली नुसता अंगठा टाकलाय. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने?
रोज चारला चहाला येते. आज आली नाही. बरं झालं, वाचायला निवांत वेळ मिळाला. वाचलं नाही. दोन कप चहा केला होता तो मीच प्यायले. ॲसिडिटी.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
विजय! लिफ्टमध्ये हरिहर हात जोडून म्हणाले, "मॅडम, घ्या तुमचे दहा गुण. बरोबरीत दुसऱ्या आलात, डोंबिवलीला जा. पण आता ईमेल नको, माझं बीपी वाढतं." सत्याचा विजय असाच होतो.
ही बातमी सांगायला कोणी नाही असं नव्हे. वॉचमनला सांगितली.

१६ नोव्हेंबर, रविवार.
नियम: जोडीशिवाय प्रवेश नाही. मालनची बेल वाजवली. दार उघडलं, हसली, बोंबील साफ करता करता बोलली. "राग कसला टीचर? पण सर्वेश विचारून गेलाय. त्याची बायको माहेरी चालली, त्याला जोडीदार नाय. मी अज्ञानी, तुम्हाला कशाला त्रास? शुक्रवारी रात्री सांगते त्याला काय ते."
सर्वेश! दातात टूथपिक ठेवून हिंदी बोलणारा माणूस. मी म्हटलं, अवश्य जा. आवाज उत्तम होता. घरी येऊन पाणी प्यायले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
पर्यायी जोडीदारांच्या मुलाखती घेतल्या. तिसऱ्या मजल्यावरची विनिता: महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? "फोन बघू का?" जिमवाला सूरज: चारही उत्तरं क्रिकेटमधली, प्रश्न क्रिकेटचा एकही नव्हता. किळसवाणं अज्ञान. मालनला निदान विचारलेलं कळतं.
चार वाजता समोरचं दार वाजलं. गॅसवाला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.
एकटीने खेळू द्यावं म्हणून हरिहरना फोन केला. माझा आवाज ऐकून त्यांनी आपण बाहेरगावी असल्याचं सांगितलं. मागे आमच्याच सोसायटीचा भोंगा वाजत होता.
नाइलाजाने पुढील पत्र. चार खर्डे फाडले. हा पाचवा स्वच्छ अक्षरात उतरवून आत्ताच समोरच्या दाराखालून सरकवून आले:

सौ. मालन यांस,
विषय: शनिवारची जोडी.
१. तू कुजबुजली नव्हतीस. स्पष्ट सांगितलं होतंस. सातवा मुद्दा मी मागे घेते. ग्रुपवर तसं लिहीन, शब्द मात्र माझे असतील.
२. अज्ञान तुझं नव्हतं.
३. तालुके सात आहेत. हे फक्त तुझ्यापुरतं. कमिटीला कळवू नये. दहा गुण मी परत करणार नाही.
४. शनिवारी वाटी आणि चमचा तुझ्या हातात राहील.
५. चहाची वेळ चारचीच आहे.
आपण माझ्याबरोबर डोंबिवलीला येणार की त्या सर्वेशबरोबर, याचं लेखी उत्तर उद्या, शुक्रवार दि. २१ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी सहाच्या आत मिळावं. अंगठा चालणार नाही.