उष्टावणाचं ताट

नागपूर, १२ मे

ती. भागीरथाबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, रुपरावचा, वाकून नमस्कार. (कंबर आता इतकीच वाकते, गोड मानून घे.) गुडघे कसे आहेत? गडाच्या पायऱ्या चढू नकोस, रामाला रामटेकातलं खालचंही दिसतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. जया गेल्याला वर्ष झालं, पण एकटं वगैरे काही वाटत नाही. दिवसभर कूलर बोलतो आणि मी ऐकतो. संसारात तरी दुसरं काय करत होतो?

तर कानावर येण्याआधी मीच सांगतो, गल्लीत माझ्यामुळे भांडण झालं. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण पोरांनी डोंगर, झोपडी आणि मधोमध सूर्य यापलीकडे काही काढलं नाही. जुनी चित्रं कोणी काढली, कशी काढली, हे सांगायचं राहूनच गेलं. म्हणून ड्रॉइंगचे कागद दोऱ्यानं शिवून मीच एक गोष्टीचं पुस्तक केलं. अजिंठ्याच्या एका चित्रकाराची मुलगी लेण्याच्या दाराशी चकचकीत ताट धरून बसते आणि आत अंधारात रंगवणाऱ्या बापाला ऊन पुरवते, अशी गोष्ट. (खरंच असं करत होते का, यावर विद्वानांचं एकमत नाही. मी मुलीच्या बाजूनं मत दिलं.) रोज चार वाजता गल्लीतली आठ-नऊ लेकरं ओट्यावर यायची. पानं बारा, पण वाचायचं रोज एकच. बाराही एकदम वाचली तर दुसऱ्या दिवशी कोण येणार?

तिसऱ्या पानावर शेजारच्या मिनलची सात वर्षांची चिन्मयी उठून उभी राहिली. समोर तीन मजली इमारत झाल्यापासून आमच्या घरात ऊन येत नाही, हे तुला माहीतच आहे. मी काढलेलं जयाचं चित्र मागच्या खोलीत आहे, तिथे तर भरदुपारीही दिसत नाही.

"आजोबा, आजीले अंधारात काहून ठेवलं?" तिनं विचारलं.

मी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. लेकरांना मात्र उपाय सुचला. आया कूलरपुढे झोपलेल्या, त्यामुळे पाच मिनिटांत घरोघरची स्टीलची ताटं हजर. गल्लीच्या टोकाला ऊन होतं. तिथून एकीनं ते फाटकावर फेकलं, फाटकावरून ओट्यावर, ओट्यावरून दारात, आणि बाई, ते थेट जयाच्या तोंडावर जाऊन पडलं. चित्र काढताना मी तिला बजावलं होतं, हसू नकोस, मला ओठ जमत नाहीत. उजेडात पाहिलं तर ती हसत होती. मला रडू आलं.

हे पाहायला गल्लीच्या टोकावरची काजल वळली आणि तिच्या हातातलं ताटही वळलं. त्याच वेळी कळमन्याच्या बाजारातून आंब्याची पेटी स्कूटरवर घेऊन गल्लीतले नत्थूजी येत होते. ऊन त्यांच्या डोळ्यांत गेलं, स्कूटर नालीत गेली आणि आंबे गल्लीभर झाले. (नत्थूजींना खरचटलंसुद्धा नाही. शिव्या पूर्ण शाबूत होत्या.) लेकरांनी ताटं टाकली आणि आंब्यांमागे पळाली.

संध्याकाळी ताटं न्यायला आया आल्या. ताटांवर कोरलेली नावं मी वाचून दाखवू लागलो आणि तिथेच चुकलं. कारण काजलच्या घरून आलेल्या ताटावर मिनलच्या सासूचं नाव, मिनलकडच्या ताटावर नत्थूजींच्या बायकोचं. कधी काळी पुरणपोळ्या घेऊन गेलेली ताटं परतच आली नव्हती. दोन तास भांडण चाललं, मी दोनदा चहा केला. जयाच्या तेरवीनंतर इतक्या बाया पहिल्यांदाच ओट्यावर बसल्या होत्या, म्हणून मध्ये पडलो नाही.

शेवटी मिनल म्हणाली, "काकाजी, तुमची किताब आता बंद ठेवा. लेकरं घरातली ताटं घेऊन पळून राहिले."

किताब बंद झाली. ओटा रिकामा आहे. सगळी ताटं आपापल्या घरी गेली, फक्त चिन्मयीचं छोटं ताट, तिच्या उष्टावणाचं, नाव कोरलेलं, सापडत नाही. ते शोधायला मिनल पोरीला रोज चार वाजता पाठवते. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
रुपराव

ता. क. तुला म्हणून सांगतो, ते ताट तू पाठवलेल्या तांदळाच्या पिंपात आहे. मीच ठेवलं. चिन्मयी खाटेखाली बघते, कूलरमागे बघते, दमून बसते, मग मी एक पान वाचतो. बारावं पान जवळ आलं म्हणून आणखी चार शिवली. काल मिनल स्वतःच शोधायला आली. तिनं पिंपाचं झाकण उघडलं, तांदळातून ताटाची कड दिसत होती. तिनं थोडा वेळ पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "इथं तं नाही दिसून राहिलं, काकाजी. उद्या पाठवते पोरीले."

पुन्हा ता. क. दोन दिवाळ्यांपूर्वी अनारसे घेऊन गेलेलं जयाच्या नावाचं ताट तुझ्याकडेच आहे. ते मला हवं आहे. कोणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि पंधरा दिवस राहा. ताट आणायला विसरलीस तरी चालेल.