शोध फक्त इंग्रजीत

मंगळवार, सायंकाळ

मेंढ्यांच्या गावठी औषधांवर ‘आजवर कुणी काम केलेलं नाही’, असं मी प्रबंधात ठणकावून लिहिलंय. प्रबंध मराठीत, पण डेटाबेसमध्ये शोधलं फक्त इंग्रजीत. मराठीत का नाही शोधलं? कमीपणा वाटला?

आज पाचोडला गुरुजींना प्रत द्यायला गेले. वर्षभर त्यांनीच मला धनगरवस्त्यांवर फिरवलं. त्यांच्या फळीवर त्यांचाच जुना एम.फिल.चा प्रबंध दिसला. मराठीत. हाच विषय!

‘गुरुजी, बोलला का नाहीत?’

‘आगं, तू इचारलंच नाय. मला वाटलं, तुझ्या कम्प्युटरात दिसलं आसंल. बरं, तुझं वाच की थोडं.’

वाचलं. ‘कुणी काम केलेलं नाही’ तेवढं गाळून. गुरुजी लई खूश झाले.

प्रत मात्र पिशवीतून परत आणली.